"मोबाइल म्हणजे काय हो, वकीलबाई?"

स्टडी परमिटच्या, म्हणजे कॅनडात शिकायच्या परवान्याच्या, नकाराचं पत्र नेहमीचंच होतं: शिक्षण संपल्यावर तुम्ही कॅनडा सोडून जाल याची खात्री पटत नाही. खरी कारणं अधिकाऱ्याच्या नोंदींत असतात. तेव्हा कोर्टात अर्ज दाखल केल्यावर त्या मिळायच्या. मिळाल्या त्याच रात्री मी टोरांटोहून वाळवा तालुक्यात फोन लावला. अर्जदार मुलीचे सासरे बोलत होते. मी वाचून दाखवलं, "सिंगल, मोबाइल, नॉट वेल एस्टॅब्लिश्ड, नो डिपेंडंट्स."

"मोबाइल म्हणजे काय हो, वकीलबाई? फोन तर तिच्याकडं हायच."

मोबाइल म्हणजे मोकळी, पाश नसलेली, कुठंही जाऊ शकणारी, असं मी सांगितलं. बाकीचं म्हणजे एकटी, बस्तान न बसलेली, अवलंबून कुणी नाही. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एकटी म्हणा हवं तर. पण मोकळी कशी? पोरगं हाय की हितं, माझ्यापाशी."

अर्जात 'विधवा' लिहिलं होतं. सहा वर्षांच्या मुलाचं नाव, वय, तो आजी-आजोबांकडे राहणार हेही होतं. पण अधिकाऱ्याचं हे वाक्य आम्ही इतक्या फाइलींत वाचलंय की पाठ झालंय. साच्यातून काढावं तसं ते येतं, आणि बहुतेक विद्यार्थी अविवाहितच असतात हे न्यायाधीशांनीही सुनावून झालंय.

स्टडी परमिटच्या नकारावर अपील नसतं. उरतं ते फेडरल कोर्टातलं न्यायालयीन पुनर्विलोकन, म्हणजे निर्णय नीट घेतला होता का, एवढंच तपासणं. निर्णय कॅनडाबाहेर झाला असेल तर 60 दिवसांची मुदत, 50 डॉलर फी, आणि आधी कोर्टाची परवानगी, तीही कागदांवरच ठरते. दरम्यान काकांनी सातबारा आणि नवी एफडीची पावती पाठवली. ती मी दाखल करू शकले नाही. अधिकाऱ्यासमोर जे कागद होते तेवढ्यावरच कोर्ट बघतं. "खरा कागद चालत नाही?" ते चिडले. चिडणं चूक नव्हतं.

परवानगी मिळाली, सुनावणी झूमवर लागली. इथे सकाळचे साडेनऊ, तिकडे रात्रीचे आठ. काका नि सून एका खुर्चीवर दाटीवाटीने बसलेले, पोर मागे गोधडीत.

सरकारी वकिलांचा मुद्दा चांगला होता, हे मान्य करावं लागेल: अधिकाऱ्याने सगळं वाचलं असं गृहीत धरायचं असतं, प्रत्येक कागदाचा उल्लेख करायची गरज नाही. मी 1998 चा सेपेदा-गुतिएरेस निकाल पुढे केला. पुरावा जितका महत्त्वाचा आणि अनुल्लेखित, तितका तो दुर्लक्षिला गेल्याचा संशय दाट. आणि 2019 च्या वाव्हिलोव्ह निकालाप्रमाणे निर्णयामागची कारणमीमांसा तर्काला धरून असायला हवी. न्यायाधीश टिपणं काढत होत्या. मग त्यांनी सरकारी वकिलांना एकच प्रश्न विचारला: "या नोंदींत मूल कुठे आहे ते मला दाखवाल का?"

सरकारी वकिलांनी पानं चाळली. ध्वनी बंद आहे की काय, असं मला क्षणभर वाटलं.

"नोंदींत नाही," ते म्हणाले. त्यांचा प्रामाणिकपणा मला आवडला.

निकाल अकरा दिवसांनी आला: नकार रद्द. मी लगेच फोन केला. "म्हंजे व्हिसा आला?" काकांचा पहिला प्रश्न. तो प्रश्न येणार हे ठाऊक होतं, तरी उत्तर जड गेलं. कोर्ट व्हिसा देत नाही, फक्त निर्णय मोडतं. फाइल परत जाते, दुसरा अधिकारी नव्याने बघतो, आणि तोही नाही म्हणू शकतो. कॉलेजचं सप्टेंबरचं सत्र एव्हाना निघून गेलेलं. प्रवेशपत्र नवं मागवावं लागणार होतं.

"दुसरा मानूस?"

"हो, दुसरा."

"मग आता तो सातबारा लावू का?"

"आता चालेल, काका. पण इंग्रजी भाषांतर जोडून पाठवा."