कृतज्ञतेची वहीसुद्धा विटते

नवा फोन आला की आठ दिवस त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपतात. महिन्याभरात तोच फोन किल्ल्यांच्या जुडग्यासोबत खिशात कोंबला जातो. मन सगळ्याला सरावतं. ब्रिकमन आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये याला सुखाची ट्रेडमिल म्हटलं: धावायचं खूप, पोचायचं कुठेच नाही.

यावर उपाय म्हणून कृतज्ञतेची वही सांगितली जाते, म्हणजे ज्यांबद्दल आभार वाटतात अशा गोष्टी लिहून ठेवायच्या. पण तिलाही हाच रोग जडतो, हे फारसं कुणी सांगत नाही. रोज रात्री ‘आई, तब्येत, घर’ असं लिहिलं की दुसऱ्या आठवड्यात वहीचा हजेरीपट होतो.

एमन्स आणि मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या प्रयोगात एका गटाने आठवड्यातून एकदाच लिहिलं, जास्तीत जास्त पाच गोष्टी, दहा आठवडे. कटकटींची यादी करणाऱ्यांपेक्षा ते आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाले. मानसशास्त्रज्ञ ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात तर आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. तेव्हा एक वार ठरवा, दहा मिनिटं पुरेत.

लिहायचं मात्र बारकाईने. ‘चांगले शेजारी’ हे लिहून काही होत नाही. ‘मंगळवारी कुरियर आलं तेव्हा शेजारच्या काकूंनी दोन जिने उतरून ते घेतलं, गुडघे दुखत असताना’ असं लिहिलं की प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे येतो. पुढे एक ओळ, हे का घडलं याची. ती ओळ सर्वात जड जाते आणि बहुतेक जण तीच गाळतात.

तरी यादी कोरडी वाटू लागली तर वजाबाकी करा. जवळचं एक माणूस घ्या. ओळख कशी झाली ते लिहा, आणि कुठली फुटकळ गोष्ट वेगळी घडली असती तर ती झालीच नसती, तेही. चुकलेली बस, बदललेला वर्ग, काहीही चालेल. गृहीत धरलेलं माणूस पुन्हा नवं दिसतं.

‘त्यांच्यापेक्षा आपलं बरं’ ही कृतज्ञता नव्हे, ती तुलनाच. उद्या वरच्याकडे नजर गेली की उलटते. आणि थकलेला पगार किंवा घरातला जाच वहीखाली झाकू नका. तिथे तक्रारच करायची.

खरेदीची हुक्की आली तर वस्तूचं नाव आणि तारीख वहीच्या शेवटच्या पानावर टाका. त्या नावाशेजारी तेच काम सध्या कोणती वस्तू करते आहे ते लिहा, आणि पान तीस दिवसांनी उघडा.