ट्वीक सापडला! शॉर्टी बॅटरी, ६० ग्रॅम वजन आणि मागचा रोल बार

मागच्या वेळी लिहिलं होतं तेच दुखणं: शॉर्टी, म्हणजे आखूड बॅटरी, टाकल्यापासून माझी आरसी (रिमोटवरची छोटी रेसिंग) गाडी डाव्या वळणाला पुढून बाहेर जाते, उजव्या वळणाला मागून सुटते. तीन संध्याकाळी गेल्या. काल रात्री कारण हाती लागलं: ट्वीक, म्हणजे चाकांवरचं वजन कर्णाकर्णी असमान पडणं.

आधी वजनं. काटा एकच, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा किचन काटा. बाकी तीन चाकांखाली त्याच उंचीचे प्लायचे ठोकळे, सगळ्याखाली जाड काच. जुनी लांब स्टिक बॅटरी २९० ग्रॅमची, शॉर्टी २००. डावीकडचे ९० ग्रॅम गेल्यावर मोटरची बाजू जड होणारच: डावी ६५८, उजवी ७०४. टायरवाल्याकडून अलॉयला चिकटवतात त्या वजनांच्या पट्ट्या आणल्या. हॉबी शॉपच्या पट्ट्यांपेक्षा स्वस्त, आणि चिकटतातही घट्ट. डाव्या कडेला ६० ग्रॅम लावले आणि दोन्ही बाजू ७११ वर आल्या. फार बरं वाटलं!

गाडी पळवली, तर वागणं तेच. पुन्हा एकेक चाक मोजलं. पुढचं डावं ३४४, उजवं ३६५. मागचं डावं ३६७, उजवं ३४६. म्हणजे पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून ७३२, दुसरा कर्ण ६९०. बाजू जुळल्या होत्या, कर्ण नाही. वळणांचं कोडं इथेच होतं.

मग मी शॉकवरच्या कॉलर (स्प्रिंगचा दाब कमीजास्त करणाऱ्या रिंगा) फिरवत बसलो. आकडे जुळले, पण मागची राइड हाइट (चासीची जमिनीपासूनची उंची) डावी-उजवीकडे वेगळी झाली. कॉलर परत जागेवर. टॉप डेकचे (चासीच्या वरच्या पट्टीचे) स्क्रू ढिले करून चासी काचेवर दाबली आणि ते कर्णाकर्णी क्रमाने आवळले. ४२ चा फरक ३७ वर आला, बस. शेवटी मागच्या रोल बारची (वळणात गाडी कलू नये म्हणून डावं-उजवं सस्पेन्शन जोडणाऱ्या वाकवलेल्या तारेची) एक लिंक, म्हणजे जोडदांडी, बॉलवरून उपटली, गाडी दोनदा दाबून सोडली आणि मोजलं. फरक ३ ग्रॅम!

बार काढून काचेवर ठेवला. डावं टोक टेकलेलं, उजव्याखालून दुमडलेला कागद सहज सरकत होता. लिंकची लांबी मी दहा वेळा मोजली होती, बार एकदाही तपासला नव्हता. पक्कडीने थोडा थोडा वाकवत दोन्ही टोकं टेकवली. बार लावूनही फरक ४ च्या वर जात नाही. यापुढे दोन्ही बार सोडल्याशिवाय कॉलरला हात लावणार नाही.

आता गाडी समोर ठेवून लिहितोय, तर शॉर्टीच्या मागे रिकामी जागा दिसतेय. ३८ ग्रॅमचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) उजवीकडून तिथे नेला तर ९० मिमी सरकतो. डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यांतलं अंतर १६४ मिमी, म्हणजे पट्ट्यांशिवाय बाजूंमध्ये असलेला ४६ ग्रॅमचा फरक ४२ ने भरून निघेल. उरले ४. त्याला ५ ग्रॅमची एक पट्टी पुरे, बाकी ५५ ग्रॅम काढून टाकता येतील!

जादा वजन जाणार, त्यामुळे रविवारी स्प्रिंग बदलायचा बेत रद्द. मोटरच्या वायरी लांब कराव्या लागतील आणि त्या बेल्टपासून दूर बांधाव्या लागतील. सोल्डरिंग आज रात्रीच करतो.