वर्गातला पूर्वग्रह मोजायचा कसा

'मी सगळ्या मुलांना सारखंच वागवते' असं म्हणणारी शिक्षिका खोटं बोलत नसते, तिला मनापासून तसंच वाटत असतं. त्यामुळे मनाला विचारून फारसं काही हाती लागत नाही. त्यापेक्षा मोजावं.

बाकांचा कच्चा नकाशा काढा, प्रत्येक मुलाला एक चौकोन. शाळेच्या परवानगीनं तासातल्या वीसेक मिनिटांचं ध्वनिमुद्रण करा आणि घरी ऐकताना खुणा करा: प्रश्न विचारला की उभी रेघ, उत्तर अडल्यावर धागा दिला की फुली, शाबासकीला टिंब, ओरडा बसला की गोल. मुलांना नावानं हाक मारा, नाहीतर कोण बोलतंय ते नंतर कळत नाही. शिकवता शिकवता खुणा करत बसू नका, दोन्ही कामं बिघडतात. आणि एका तासावरून काहीच ठरवू नका. निदान चार-पाच तास हवेत.

रेघा पुष्कळदा बऱ्यापैकी सारख्या निघतात. खरी गोम फुल्यांत असते. एक मूल अडखळलं की आपण 'बरं, पहिली पायरी कोणती?' म्हणतो, दुसरं अडखळलं की 'कोण सांगेल?' म्हणून पुढे सरकतो. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांत मोजलं, तेव्हा प्रश्नानंतर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते, आणि हुशार समजल्या गेलेल्या मुलांसाठी अधिक. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, गप्प मुलंही बोलू लागली. घरची भाषा वेगळी असलेलं मूल आधी मनात भाषांतर करतं, तेव्हा तो एक सेकंद त्यालाच सगळ्यात महाग पडतो.

उत्तरपत्रिकांचं त्या मानानं सोपं. नाव शेवटच्या पानावर लिहायला सांगा. सगळ्यांचा पहिला प्रश्न आधी तपासा, गठ्ठा पिसा, मग दुसरा. म्हणजे पहिल्या उत्तराची छाप पुढच्यावर पडत नाही. अक्षर ओळखू येतंच, त्याला इलाज नाही. म्हणून गुण कशाचे किती हे तपासण्याआधीच लिहून ठेवा.

हे सगळं कळल्यावर दुसरी चूक होते ती भरपाईची. ज्याच्याकडे दुर्लक्ष झालं त्याच्या अर्ध्या उत्तरालाही 'छान!' मिळू लागतं. दिसायला ही माया, पण अपेक्षा खाली आणणंच आहे हे. अशा मुलाच्या वहीतले शेरे चाळून पाहा: नुसतं 'छान', 'प्रयत्न चांगला' असेल आणि शेजारच्याच्या वहीत 'दुसऱ्या ओळीत कारण दे' असेल, तर तोच शेरा इकडेही लिहायचा.