खामगावची वाट आणि रोंशाँची टेकडी

पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी खामगावचा मुक्काम आटोपून पहाटे शेगावकडे निघते, तेव्हा शेवटच्या १६-१७ किलोमीटरच्या वाटेवर तिच्याबरोबर चालायला सारे वऱ्हाड लोटते. महिना-महिना चालून आलेल्या वारकऱ्यांपुढे आमचे हे एका दिवसाचे चालणे म्हणजे नुसती हजेरीच. तरीही ती मी सहसा चुकवत नाही. यंदा पहाटेपासूनच झड लागली होती, आणि चहासाठी रस्ता सोडून कपाशीच्या धुऱ्याकडे वळले की काळ्या मातीचे गोळे चपलांना चिकटून पाय उचलेनासे होत. सोबतीला आमच्या गल्लीतल्या सखूबाई होत्या. "गुर्जी, तुमी पोरीकडे परदेशात गेलते, तिकडे देऊळ पायलं का नाई?" त्यांनी विचारले, आणि ‘गण गण गणात बोते’च्या गजरातून वाट काढत मी रोंशाँचे चर्च सांगू लागलो.

मुलगी स्वित्झर्लंडमध्ये बासेलला असते. तिथून सीमा ओलांडून फ्रान्समधल्या रोंशाँ या गावी आम्ही गेलो आणि टेकडी पायीच चढलो, कारण यात्रेकरू पूर्वापार तशीच चढतात. वरचे जुने चर्च दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, उद्ध्वस्त झाले. ज्यांनी आपल्या चंदीगडची आखणी केली, त्या ल कॉर्बुझिए यांनी त्याच जागी नवे बांधले, पडलेल्या देवळाचे दगड नव्या भिंतींत घातले, आणि २५ जून १९५५ रोजी ते भाविकांसाठी खुले झाले. छप्पर खेकड्याच्या कवचावरून सुचलेले, करड्या काँक्रीटचे, अवजड. पण आत गेल्यावर दिसते की ते भिंतींवर टेकलेलेच नाही. मधल्या वीतभरही नसलेल्या फटीतून उजेडाची रेघ आत येते. दक्षिणेची भिंत आपल्याकडच्या गढीसारखी जाड असून तिच्यातले लहान-मोठे झरोके रंगीत काचांचे आहेत. फरशी टेकडीच्या उतारानेच वेदीकडे उतरत जाते, त्यामुळे उभे राहावे म्हटले तरी पाय पुढे पडतात. टेकडीवर पाण्याची टंचाई, म्हणून छपरावरचे सगळे पाणी पश्चिमेच्या एकाच पन्हाळीतून खालच्या हौदात पाडले आहे. आम्ही गेलो त्या दिवशीही पाऊस होता आणि त्या दुहेरी पन्हाळीतून, बैलाच्या नाकपुड्यांतून वाफ निघावी तसे, पाणी फेसाळत पडत होते. विदर्भातल्या माणसाने तो हौद पाहायला अंमळ जास्त वेळ थांबावे, हे साहजिकच म्हणायचे.

सखूबाईंना मात्र या कारागिरीत रस नव्हता. "जत्रा भरते का थ्या जागी?" भरते, मी म्हणालो, १५ ऑगस्टला आणि ८ सप्टेंबरला. महाराजांनी समाधी घेतली ती तारीखही ८ सप्टेंबर, साल १९१०. अर्थात आपण ऋषिपंचमीची तिथी पाळतो, तेव्हा हा योगायोग इंग्रजी तारखेपुरताच. एवढी माणसे त्या लहानशा चर्चमध्ये मावणे शक्य नाही, म्हणून पूर्वेच्या भिंतीबाहेर दुसरी वेदी बांधली आहे आणि लोक समोरच्या गवतावर जमतात. मेरीची जुनी मूर्ती त्याच भिंतीतल्या काचेच्या कोनाड्यात आहे. एरवी तिचे तोंड आत असते, पण बाहेर जत्रा जमली की ती लोकांकडे फिरवतात.

सखूबाई चालता चालता थांबल्या, मागची दिंडी आमच्या अंगावर आली. "म्हंजे औंढ्यावानीच झालं," त्या म्हणाल्या. नामदेवांना देवळामागे जाऊन कीर्तन करायला लावले, तेव्हा नागनाथाचे देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते; पण रोंशाँच्या टेकडीवर तासभर घालवूनही मला ती आठवली नव्हती.

शेगावात शिरेपर्यंत गर्दी इतकी दाटली की समाधीपर्यंत पोहोचायचा विचारही कोणी केला नाही. आम्ही कळसाला हात जोडले.

"मंग पाणी आलं तं बाहेरच्यायनं काय करावं तिकडे?" सखूबाईंनी विचारले. छप्पर बाहेरच्या वेदीवर पुढे आलेले आहे, पण समोर जमलेली माणसे उघड्यावरच असतात, असे मी सांगितले.

"भिजू द्या," त्या म्हणाल्या, आणि डोक्यावरची प्लास्टिकची खोळ सारखी करून पिशवीतली भाकर काढू लागल्या.