तुम्ही विचारलंत म्हणून: तळ्यापासून मागं का फिरलो

शिडाच्या बोटीतून अटलांटिक पार करून कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर गेलात, आणि तिथलं ते उकळतं तळं हाकेच्या अंतरावर असताना एका वाटाड्यानं सांगितलं म्हणून परत आलात? असं कसं? लग्नकार्यात, फोनवर, जुन्या ट्रेकच्या मंडळींकडून, सगळीकडून हाच प्रश्न येतो. विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी कीव असते. ती मला सहन होत नाही, म्हणून एकदाच लिहिते.

वाटाडा आम्ही आपणहून घेतला होता. सह्याद्रीत फिरायचे तेव्हा मी वाटाड्या घेणाऱ्यांना नावं ठेवायचे; नकाशा वाचता येत नसेल तर डोंगरात यावं कशाला, असं माझं मत. डॉमिनिकात ते मत पहिल्यांदा डळमळलं ते पोर्ट्समथजवळच्या इंडियन नदीवर. तिथं इंजिन लावायला बंदी आहे, वाटाडे वल्ही मारत नेतात. दोन्ही काठांवर ब्लडवुडची झाडं, त्यांची रुंद मुळं पाण्यात उतरलेली. आमच्या वल्हेकऱ्यानं एका पानाआड बसलेला खेकडा दाखवला. मी त्याच पानाकडे बघत होते, तरी मला तो दिसला नव्हता.

तळ्यासाठी आम्ही बोट राजधानी रोझोसमोर पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या बॉयाला बांधली आणि पहाटे लोदा गावातून चालायला लागलो. वाटाडा पन्नाशीचा, कमी बोलणारा. ब्रेकफास्ट नदी ओलांडली तेव्हा पाणी घोट्यापर्यंत होतं. मग मॉर्न निकोल्सची चढण. सगळीकडे नेचे, शेवाळ, ढग आणि चिखलात रोवलेल्या लाकडी पायऱ्या. 2017 च्या सप्टेंबरात मारिया चक्रीवादळानं हे सगळं रान सोलून काढलं होतं. आता इतकं हिरवं दिसतं की ते खरं वाटत नाही, पण जुन्या झाडांचे शेंडे तुटलेले आहेत. तेही वाटाड्यानंच दाखवलं.

पलीकडे खाली उतरलं की व्हॅली ऑफ डेसोलेशन. तिथं हिरवं जवळजवळ संपतं. गंधकाचा वास, राखाडी आणि पिवळी माती, जमिनीतून फुसफुसणारी वाफ. कुठं जमीन पातळ आहे आणि पाय आत जाईल, ते वरून कळत नाही. तो काठीनं टोचत पुढं आणि आम्ही बरोब्बर त्याच्या पावलावर पाऊल ठेवत मागं. इथून तळं साधारण तासाभराचं. ज्वालामुखीच्या वाफेच्या तोंडावर साचलेलं साठेक मीटर रुंदीचं पाणी, काठाशीच 80 अंशांच्या वर. याच्यासाठी मी कित्येक महिने झुरले होते.

आणि तो थांबला. ओढ्याकडे बघितलं, मग मागच्या डोंगराकडे. आमच्यावर थेंबही पडत नव्हता. म्हणाला, "वर जोराचा पाऊस लागलाय. नदी चढेल. परत जाऊ."

मी भांडले. सभ्यपणे नाही. आम्ही किती लांबून आलोय, पैसे पूर्ण देणार आहोत, नदी चढली तर काठावर बसून राहू, सगळं बोलले. त्याला लवकर घरी जायचंय असंही माझ्या मनात आलं, आणि ते बहुधा चेहऱ्यावर दिसलं. तो चिडला नाही. "उद्या पहाटे पुन्हा आणतो, त्याचे पैसे नकोत," एवढंच म्हणाला. पण उद्या आम्हाला जमणार नव्हतं. पश्चिमेकडून लाटा येणार होत्या, आणि रोझोचा किनारा त्या बाजूला उघडा आहे. बोट हलवणं भाग होतं. नवरा माझ्याकडे बघत होता. मी पाठ फिरवली आणि चालायला लागले. त्या परतीच्या चढणीवर मी रडले. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

नदीवर पोचलो तेव्हा पाणी गढूळ, मांडीपर्यंत. हात धरून ओलांडली. ओलांडता आली! तुम्हाला ऐकायचं असतं ते हेच ना, की मग तळं बघून येता आलं असतं? कदाचित आलं असतं. आणखी दोन तासांनी पाणी कुठवर गेलं असतं, हे बघायला आमच्यापैकी कुणी थांबलं नाही.

बोटीवर मी शीड कमी करा म्हणते तेव्हा पाहुण्यांना पुरावा देत नाही. वारा पुढं वाढला नाही तरी माफी मागत नाही. मग त्याच्याकडून पुरावा का मागायचा? असं मी स्वतःला समजावते. त्यावर माझ्यातली ती जुनी ट्रेकवाली लगेच म्हणते, बोटीची जबाबदारी तुझी असते, इथं तू ती दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळी झालीस. शिवाय वाटाडा सोबत असला म्हणजे सुरक्षित, असंही नाही. 1901 साली याच तळ्याच्या विषारी वायूनं क्लाइव्ह नावाचा एक इंग्रज मेला, आणि त्याच्याबरोबर त्याचा वाटाडाही. खरं आहे. पण तो वाटाडा पाहुण्याच्या हट्टापुढं झुकला असेल का, हा प्रश्न तिला पडत नाही, मला पडतो.

"तळं कुठं पळून जातंय, पुन्हा जा," असं सांगणाऱ्यांनाही उत्तर देते. 2004 च्या अखेरीस ते तळं जवळजवळ आटलं होतं, मग पुन्हा भरलं. त्यामुळे गेले तर दिसेलच याची खात्री नाही. तरी जायचंय, त्याच वाटाड्याबरोबर. त्यानं पुन्हा परत फिरायला सांगितलं तर मी पुन्हा भांडेन. ऐकेन की नाही, ते आज मला सांगता येणार नाही.