आमची वाटचाल : कुंडईची पिवळी पूड

२०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि आमचे दोन ट्रक डिचोलीच्या घरासमोर उभे राहिले. बाबांनी जन्मभर खनिज वाहिलं, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइडच, टनांनी. मीही ऑक्साइडच विकतो, पण किलोंनी. (किलोचा धंदा ट्रकापेक्षा बरा, हे त्यांना अजून पटलेलं नाही.)

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याचा गाळा, एक मफल भट्टी (माल ज्वाळेपासून अलग तापवणारी) आणि आम्ही चौघं. माल एकच : सेरियम ऑक्साइडची फिकट पिवळी पूड. गाड्यांचा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये असतं तेच. सेरियम धातूचा अणू +४ भारावरून +३ वर सहज येतो आणि परतही जातो, म्हणून हे ऑक्साइड लागेल तेव्हा ऑक्सिजन सोडतं, मिळेल तेव्हा साठवतं. ही देवघेव मुख्यतः कणाच्या पृष्ठभागावर चालते. कण ५ नॅनोमीटरचा असेल तर ग्रॅमभर पुडीत हिशेबाने १६६ चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. ५० चा झाला की १७ सुद्धा नाही.

हे गणित पाठ होतं, तरी पहिल्या मोठ्या ऑर्डरला आपटलो. नमुना झकास चालला होता. माल मात्र ऐन पावसाळ्यात केला. द्रावणातून खाली बसलेला ओला साका पाण्यातूनच वाळवला. पाणी उडताना कणांना एकमेकांकडे ओढतं, त्याचे खडे झाले. त्यात चवथीच्या सुट्टीआधी उरकायचं म्हणून ४५० ची भट्टी ८०० अंशांवर नेली. कण एकमेकांत मिसळून मोठे झाले. पूड हाताला जड लागली तेव्हाच कळायला हवं होतं. ग्राहकाने सगळा माल परत पाठवला, वाहतूकही आमच्याच माथी मारली. चूक आमची होती, पण खरेदी अधिकाऱ्याचा सूर असा, जणू आम्ही खडू विकला.

आता शेवटची धुलाई इथेनॉलने करतो. त्याचा पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी, त्यामुळे ओढ कमी. भट्टी ४५० च्या वर जात नाही. आणि जास्त उष्णता सोसायची असेल तिथे द्रावणातच झिरकोनियम घालतो. ते मिश्रण तापमानात पुष्कळ तग धरतं.

तरी फोन येतातच, ‘तीन नॅनोमीटरचं द्या.’ मी आधी विचारतो, पूड ज्यात घालणार तो रिअ‍ॅक्टर किती अंशांवर चालतो? कण जितका लहान, तितकी तापल्यावर चिकटायची घाई. काही जण तिथेच फोन ठेवतात, काही नमुना मागवतात. नमुना शंभर ग्रॅमचा, आणि आता त्याचेही पैसे घेतो.