पाऊणपटीचा हिशेब आणि महीचा चिखल

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पाणी म्हणजे एकतर नळाचं, नाहीतर पावसाळ्यात विश्वामित्रीचं, मगरींसकट. त्यामुळे एमएच्या लघुप्रबंधाला मी ‘मही नदीच्या खाडीतल्या जुन्या नौकानयनाच्या खुणा’ हा विषय घेतला तेव्हा बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. “बडोद्यात बसून समुद्र?” मी बडोद्यातल्याच अकोट्याचं नाव पुढे केलं. तिथे एरॉस या ग्रीक प्रेमदेवाची आकृती असलेली, रोमन ब्रॉंझच्या भांड्याची मूठ सापडली होती, ती काही बैलगाडीतून आली नव्हती. बाबा म्हणाले, “बंदरापासून पुढे बैलगाडीच असेल.” त्यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

आधी कागद. खणायचं नव्हतं, काही उचलायचंही नव्हतं. फक्त ओहोटीला उघड्या पडणाऱ्या काठाची पाहणी, मोजमाप, फोटो. तरी एका कार्यालयात माझा अर्ज तीन आठवडे पडून राहिला, कारण त्यांच्या रजिस्टरात ‘जमीन’ आणि ‘नदी’ असे दोनच रकाने होते आणि मला हवी असलेली जागा दिवसातून दोनदा एकाची दुसरी होत होती. या निमित्ताने १८७८ चा निखातनिधी कायदा वाचला. पुरलेला ऐवज १० रुपयांहून जास्त किमतीचा असला, तर कलेक्टरांना लेखी कळवायचं. आता १० रुपयांत कटिंग चहासुद्धा जेमतेम येतो.

मग वेळ काढायची होती. मालवणच्या आत्याकडून लहानपणीच शिकले होते: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला, भर उधाणात, जायचं ठरलं. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडला भरती, साडेसातला ओहोटी. पहाटे पाचला मैत्रिणीच्या स्कूटरवरून पादरा, जंबुसर करत काठावर पोचले. पाणी जवळजवळ काठापर्यंत! होडीवाले काका बिडी ओढत बसले होते. माझा हिशेब ऐकून म्हणाले, “बेन, आ तमारुं मुंबई नथी.”

चूक माझीच. पाऊणपट कोकण किनाऱ्यासाठी ठीक आहे. मही जिथे मिळते त्या खंभातच्या आखातात भरती शिरते ती अरुंद होत जाणाऱ्या नरसाळ्यात, टोकाशी पोचायला तिला आणखी काही तास लागतात आणि वाटेत ती फुगते. भावनगरला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो, म्हणजे तीन मजली इमारत. शिवाय खाडीत पाणी चढतं झपाट्याने, उतरतं रेंगाळत. भावनगर बंदराची भरतीची कोष्टकं माझ्याच सॅकमध्ये होती, पण मी आत्यावर विसंबले. बारा वाजून गेल्यावर चिखल उघडा पडला. तोवर काकांच्या ओट्यावर शेव-ममरे खाल्ले आणि उन्हात डुलक्या काढल्या.

त्या ओट्यावरच मला ‘पेरिप्लस’ हा जुना ग्रीक सागरी प्रवासाचा ग्रंथ नीट कळला. त्याचा लेखक, पहिल्या शतकातला अनामिक ग्रीकभाषक व्यापारी, नर्मदेच्या मुखाबद्दल, भरूचबद्दल लिहितो: राजाच्या चाकरीतले कोळी त्रप्पग आणि कोटिंब नावाच्या होड्या घेऊन समोर जायचे, परक्या जहाजांना भरतीबरोबर ओढत आत आणायचे आणि ओहोटी लागली की ठरलेल्या डोहांत नांगरून ठेवायचे. वर्गात ही ओळ मी ‘वाटाड्यासारखी सोय’ अशी लिहून मोकळी झाले होते. इथे कळलं की ओहोटीला डोह चुकला तर जहाज कुशीवर पडणार, आणि पुढची भरती त्याला सरळ उभं करेलच असं नाही.

चिखलात गमबूट पहिल्या दहा पावलांतच रुतले. काकांनी ते उपटून काठावर फेकले आणि एक फळी दिली. फळीवर गुडघे टेकून सरकत जायचं, वजन पसरतं. हाती दोन तास.

दोन गोष्टी सापडल्या. पहिली, लाकडी खुंटांची रांग, काळीकुट्ट, चिखलातून वीतभर वर. माझ्या छातीत धडधड. प्रत्येक खुंट मोजला, दोन खुंटांमधलं अंतर लिहिलं, उत्तर दिशा धरून नकाशा काढला. काका मागून म्हणाले, “ते माझ्या बापाने ठोकलेत, जाळी बांधायला.”

दुसरी, गावातल्या हातपंपाजवळचा धुण्याचा लांबट दगड, दोन चौकोनी भोकांसह. अरबी-भारतीय घाटाचे दगडी नांगर भावनगरजवळच्या घोघा बंदरात मिळालेत, म्हणून जीव टांगणीला. पण त्या नांगरांत वर दोरासाठी गोल भोक असतं आणि खालची दोन चौकोनी भोकं एकमेकांना काटकोनात, वेगवेगळ्या बाजूंवर. त्यांतून लाकडी फाळ आडवे जातात. इथली दोन्ही एकाच बाजूला, आरपार नाहीत आणि दोर घासल्याची खूण कुठेच नाही. जुन्या दरवाज्याच्या अडसराची खाचच असावी.

सरांना दोन्ही दाखवलं. त्यांनी वही उघडली आणि माझ्या कोऱ्या सोडलेल्या रकान्यावर पेन्सिल टेकवली. मी लिहिलं: ‘खुंट: जाळ्यांचे, स्थानिक माहितीनुसार. दगड: नांगर नव्हे.’ संध्याकाळी आत्याचा फोन आला. पहिलाच प्रश्न, “भरती किती वाजता होती?”